दिनकररावांचा कान

"अय्या! निल्लुंगा, अय्या!" धनलक्ष्मी कोळीण मागून तमिळमध्ये 'थांबा, साहेब' म्हणून हाका मारत होती. दिनकररावांचा विसरलेला डबा तिच्या हातात होता. ते थांबले नाहीत, वळलेही नाहीत. तडक जाऊन जावयाच्या, पुष्करच्या जीपमध्ये बसले.

सासऱ्यांना तोंड दाखवायची लाज वाटत असणार, असं पुष्करला वाटलं. त्याने उतरून डबा घेतला. सकाळीच किनाऱ्यावर डॉल्फिनचं मेलेलं पिल्लू सापडलं होतं.

त्सुनामीत गेलेल्या जेटीच्या जागी नवी बांधायला परवानगी मिळाली ती एका अटीवर. खांब ठोकणारा घण पडत असताना एकाने होडीत बसून पाण्यात माइक सोडायचा. डॉल्फिनची शीळ कानावर आली की लाल झेंडा वर आणि घण बंद, नाहीतर त्या दणक्याने पिल्लं आईपासून भरकटतात. या कामावर सासऱ्यांना नेमा, असं पुष्करनेच कंपनीत सुचवलं होतं. आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यात जन्मभर इंजिनं तपासलेला माणूस. डोळे मिटून ऐकायचा आणि नेमकं दुखणं सांगायचा. शिवाय घरचा. पुष्करने एका दगडात दोन पक्षी मारले.

झेंडा एकदाही वर गेला नाही. काम झपाट्याने पुढे सरकलं, पुष्करची वट वाढली आणि आता हे पिल्लू. होडीतल्या यंत्राने सगळं टेपही केलं होतं. परवानगी देणाऱ्या खात्याच्या अड्यारच्या ऑफिसात ती कॅसेट लावली, तर तिच्यात शिळाच शिळा.

"बाबा, खरं सांगा," रस्त्यावरची नजर न काढता पुष्कर म्हणाला. "माझ्यासाठी गप्प बसलात का?"

दिनकरराव खिडकीबाहेर बघत राहिले. पुष्करने पुन्हा विचारलं नाही. उत्तर त्याला मिळालं होतं.

वेस्ट मांबलमच्या घरी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि दिनकरराव शेजारीच खुर्चीत सुन्न बसले होते. पुष्करची बायको देविका गच्चीवरून धावत आली. डाळ करपली होती, पण बापावर ओरडायचं तिच्या जिवावर आलं. ती त्यांच्या समोर येऊन बसली.

"उद्या अड्यारला चौकशीत काय सांगणार, बाबा? पुष्करने मुद्दामच असा माणूस बसवला म्हणतील. नोकरी तर जाईलच, वर खटला."

त्यांनी तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही. नजर तिच्या हनुवटीपाशीच घुटमळत होती.

"त्याला काही होऊ द्यायचा नाही मी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अड्यारच्या ऑफिसात शर्मिष्ठा मॅडम एकट्याच होत्या. परवानगीच्या कागदावर सही त्यांचीच होती, त्यामुळे त्याही धास्तावल्या होत्या.

"काका, परवानगी तर मी रद्द करणारच. मला एवढंच सांगा, पुष्करला हे ठाऊक होतं का? असेल, तर केस त्याच्यावर होईल."

दिनकररावांची नजर त्यांच्या ओठांवर खिळली होती.

"बरं, आधी ऐका. मग बोलू." शर्मिष्ठा मॅडमनी यंत्र सुरू केलं आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला.

दिनकररावांनी सवयीने डोळे मिटले. होडीत ऐकू यायची तीच घरघर कानात सुरू झाली. त्यांनी हात घट्ट जुळवले.

"येतेय ऐकू," अखेर ते म्हणाले. "ही काय, शीळ. अगदी स्वच्छ. तेव्हाही अशीच आली होती, मॅडम. मीच झेंडा वर केला नाही. जावयाचं काम थांबेल म्हणून दडवलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. जे काय करायचं ते मला करा."

त्यांनी डोळे उघडले.

शर्मिष्ठा मॅडम कपाटापाशी उभ्या होत्या. यंत्रात घालायची कॅसेट अजून त्यांच्या हातातच होती.