दुमडलेलं नाव

“वरची पट्टी दुमडून द्या,” भिंगकाका म्हणाले.

काउंटरपलीकडच्या माणसाने चिठ्ठीवरचा नावाचा भाग मागे दुमडला आणि कागद पुढे सरकवला. या औषधाच्या दुकानाची रीत सगळ्या गल्लीला पाठ होती. औषधं आधी वाचायची, नाव शेवटी.

रीतीमागे कारण होतं. फार वर्षांपूर्वी एका जिवलग मित्राची चिठ्ठी हातात आली, नाव बघून काका गप्पांत रमले आणि एकमेकींशी अजिबात न पटणाऱ्या दोन गोळ्या एकाच पाकिटात घालून बसले. मित्र वाचला. काकांच्या मनाला मात्र ते लागलं ते लागलंच. ओळखीचं नाव दिसलं की नजर ढिली पडते, असं ते येईल त्याला ऐकवत.

तेव्हापासून त्यांनी जोड्यांची वही ठेवली होती. कोणत्या औषधाचं कोणाशी वाकडं, ते कोणी कळवलं, कोणाला चक्कर आली, कोणाची लघवी अडली, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. जोड्या दोनशे अकरा. मोठमोठे डॉक्टर फोन करून विचारत, “काका, जरा वहीत बघता का?” आणि काका वही न उघडताच उत्तर देत. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

आज मात्र काका हट्टाला पेटले होते. दुकान आता लेक चालवायची. तिने कॉम्प्युटर आणला होता. दोन औषधं टाकली की पटतं की नाही ते तो सांगायचा, नाही पटलं तर लाल पट्टी दाखवायचा.

“बाबा, उद्यापासून शेवटची नजर याची,” ती सकाळी डबीतल्या गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवत म्हणाली होती. “तुम्ही घरी आराम करा. महिन्यापूर्वी इस्पितळातून आलात, विसरलात का?”

“दोन दिवस छाती धडधडली, त्याचं काय एवढं!” काकांनी गोळ्या न बघताच घशात टाकल्या. डबी हे लेकीचं खातं होतं, दुकान त्यांचं. “आजचा दिवस दे. तुझ्या त्या डबड्याने माझी एक जरी चूक काढली, तर मी काउंटरमागचं माझं स्टूल सोडतो. पण मी बरोबर निघालो तर?”

लेकीने डबीचं झाकण लावलं. “तर स्टूल तुमचं. आणि तुम्ही सांगाल ते सगळ्यांनी ऐकायचं. अगदी तुम्हीसुद्धा.”

“मी माझं कधी ऐकत नाही?” काका हसले. मनगटावर एक निळसर डाग होता, ड्रॉवर लागला असावा. त्यांनी बाही खाली ओढली आणि कामाला लागले.

दुपारपर्यंत एकतीस चिठ्ठ्या झाल्या. तीन जोड्या काकांनी अडवल्या, कॉम्प्युटरनेही त्याच तीन. काकांची छाती फुगली. गुडघा मात्र कुरकुरायला लागला, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे मागच्या फळीवरची एक गोळी घेऊन त्याचं तोंड बंद केलं. स्टूल सोडायचं नाही म्हणजे नाही.

दुकान बंद व्हायला थोडा वेळ असताना एक बाई आली. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात इस्पितळाचा कागद, पट्टी आधीच दुमडलेली. कागदासोबत तिने गोळ्यांचं एक रिकामं पाकीट ठेवलं.

“मैत्रिणीकडचे आहेत एक,” ती म्हणाली. “कागदावरचं औषध रोज चालू आहे. ही दुसरी गोळी ते मनानेच घेतात, घरी न सांगता. धुवायच्या कपड्यांत सापडली.”

काकांनी भिंग आधी कागदावर धरलं, मग पाकिटावर. आणि उसळलेच.

“जिवावर उठलाय का हा माणूस? हे रक्त पातळ करायचं औषध, आणि वर ही दुखण्याची गोळी! एक दिवस पोटात आतल्या आत रक्त वाहायला लागेल आणि कोणाला कळायचंही नाही. जोडी क्रमांक सात आहे ही माझ्या वहीत, सात! पोराटोरांनाही कळतं!”

मागे लेकीने दोन्ही औषधं कॉम्प्युटरमध्ये टाकली होती. पडद्यावर लाल पट्टी होती.

“जिंकलात, बाबा,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. बापाचं कौतुक वाटलं पोरीला, काकांच्या मनात आलं, आणि त्यांनाही भरून आलं.

“ती गोळी आत्तापासून बंद,” त्यांनी बाईला ठणकावलं. “आजच्या आज डॉक्टरांकडे न्या त्याला.”

“फार हट्टी आहेत हो. लेकीचं मुळीच ऐकत नाहीत. म्हणतात, मला शिकवू नकोस.”

“मग माझं नाव सांगा! म्हणावं, भिंगकाकांनी सांगितलंय. त्यांच्या शब्दापुढे या गल्लीत कोणाची हूं की चूं नसते.”

“ऐकतील ना नक्की?” हे लेकीने विचारलं.

“न ऐकून सांगतो कोणाला!”

लेकीने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर उभ्या रिक्षावाल्याला थांबायची खूण केली. काकांनी वही उघडली, जोडी क्रमांक सातसमोर आजची तारीख घातली आणि रीतीप्रमाणे सगळ्यात शेवटी, नाव लिहून घ्यायला, कागदाची पट्टी उलगडून तिच्यावर भिंग धरलं.

भिंगाखाली त्यांचं स्वतःचं नाव होतं.