अकरा दिवसांचा फरक

"पंचेचाळीस," तो म्हणाला. "पुन्हा मोजले. पंचेचाळीसच."

आईने चष्मा पुसला आणि सुनेच्या सोनोग्राफीचा कागद खिडकीच्या उजेडात धरला. 'आठ आठवडे पूर्ण', असं त्यावर छापलं होतं. आठ साते छप्पन्न. त्याला मात्र जहाजावरून घरी येऊन पंचेचाळीसच दिवस झाले होते, आणि त्याआधीचे सात महिने समुद्रावर गेले होते. हिशेब काही केल्या जुळेना.

"असलं मोजत बसू नये रे," आई म्हणाली. "संसार म्हटला की थोडी डोळेझाक करावी लागते."

"म्हणजे तुलाही तसंच वाटतं?"

"मी काही म्हटलंय का?"

चाळीस वर्षं ती प्रसूतिगृहात नर्स होती. अर्ध्या गावाच्या बाळंतपणाच्या तारखा तिने काढल्या होत्या. तिने सांगितलेल्या दिवशी पोर आलं नाही, तर लोक म्हणत, पोराचंच काहीतरी चुकलं. अशी बाई घरात असताना बाहेर विचारत फिरणं म्हणजे आपल्याच हाताने अब्रूचे धिंडवडे काढणं.

"तुझी तारखा काढायची चकती काढ," तो म्हणाला.

तिने आधी नको नको म्हटलं आणि मग काढली. पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या, एकीवर एक बसवलेल्या. कडा वापरून वापरून मऊ झाल्या होत्या. तिने वरची फिरवून आठवा आठवडा आजच्या तारखेवर आणला.

"हा बाण बघ. मोजायची सुरुवात इथून." बाणासमोरच्या तारखेवर तिने बोट टेकवलं. "या दिवशी तू कुठे होतास?"

"भर समुद्रात."

आईने सुस्कारा टाकला आणि चकती पाकिटात घातली.

आतल्या खोलीत बायको खोक्यांत भांडी भरत होती. पुढच्या महिन्यात दोघं बंदराच्या शहरात राहायला जाणार होते, घरही ठरलं होतं. आई एकटी मागे राहणार होती. 'तुम्ही सुखी तर मी सुखी,' असं ती सगळ्यांना सांगत असे.

त्याने कागद बायकोपुढे टाकला आणि विचारलं. तिला आधी वाटलं, तो थट्टा करतोय. मग तिच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"डॉक्टरांकडे चला. आत्ता. तुमच्यादेखत विचारू."

"आईपेक्षा जास्त कळतं का त्यांना?"

ती सासूकडे वळली. "आई, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

"माझ्या तोंडून काही वदवू नकोस गं," आई म्हणाली आणि डोळे टिपले.

त्याने बायकोला माहेरापर्यंत सोबतही केली नाही. बसमध्ये बसवून दिलं आणि मागे वळून न पाहता परतला. राग होताच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

तीन आठवड्यांनी तिच्या भावाचा निरोप आला. 'मूल गेलं. ताई तेवढी वाचली, ती आता आमची. पुन्हा तोंड दाखवू नका.'

"त्यातून सुटली बिचारी," आई म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

बंदराच्या शहरातलं घर त्याने सोडलं. जहाजही सोडलं आणि जवळच्या गोदामात नोकरी धरली. आईने त्याच्या खोलीला नवा पडदा शिवला. या वयात असा मुलगा जवळ असणं म्हणजे नशीबच, असं शेजारणी म्हणायच्या.

एका रविवारी तो बाजारातून परतला, तेव्हा शेजारच्यांची लेक आईपुढे बसून हमसाहमशी रडत होती. लग्नाला पाच आठवडे झालेले, आणि कागदावर सात. नवऱ्याने सकाळीच तिची बॅग दाराबाहेर ठेवली होती.

पिशवी हातात धरून तो उंबऱ्याशीच थबकला. आई त्याच्याकडे पाठ करून बसली होती. तिच्या हातात तीच चकती होती, बोट त्याच बाणावर होतं, आणि ती मनापासून हसत होती.

"अगं वेडे, हा बाण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवशी लावतात! तिथून पुढे दोन आठवडे पोटात काही नसतंच. पण मोजताना ते धरायचेच. नर्सिंगच्या पहिल्या महिन्यात शिकवतात हे आम्हाला. जा, आण तुझ्या नवऱ्याला, दोन मिनिटांत समजावते."