एस्तियाचा घास

आई गेल्यावर अरेती लारिसा शहरातलं भाड्याचं घर सोडून गावी वडिलांजवळ येऊन राहिली. तिचे वडील अनेस्तिस जन्मभर चर्चमध्ये स्तोत्रं म्हणत आलेले. मुलगी जुन्या बारा ग्रीक देवांना भजते हे त्यांना कधीच पचलं नव्हतं. जेवण वाढण्याआधी ती दिवा लावून चुलीच्या देवीसाठी, एस्तियासाठी, पहिला घास बाजूला काढायची आणि डोळे मिटून बराच वेळ पुटपुटत राहायची. ते छातीवर क्रूस काढत टोमणा मारायचे, "जेवू देत बाराही देव. बापाचं काय, तो थांबेल."

त्या संध्याकाळी त्यांना आंघोळ घालून, अंथरूण बदलून अरेतीचे हात गळून गेले. तिने मसुराची आमटी सरळ त्यांच्यापुढे ठेवली. ते चमच्याला हात लावेनात.

"आता काय झालं, बाबा? मीठ कमी पडलं?"

"तुझ्या देवीचं राहिलं."

"राहू दे. मी दमलेय, तिला कळतं."

"आधी दिवा लाव."

अरेतीला हसू आलं. "म्हणजे मानायला लागलात तिला?"

"छे! या वयात बाटवतेस की काय मला?" त्यांनी मान फिरवली. "माझ्याशी तू औषधापलीकडे बोलत नाहीस. काल तिला मात्र म्हणालीस, आता एकटीला झेपत नाही."

त्यांनी मान पुन्हा तिच्याकडे वळवली.

"मग? काय म्हणाली ती?"