ताठ पायऱ्या

चाक जवळ आलं किंवा कुणाचं पाऊल अडखळलं, की गावातल्या सगळ्या पायऱ्या आपोआप वितळून उतार व्हायच्या. मंगल कार्यालयाच्या तेवढ्या आज ताठ होत्या. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत उतार शोभणार नाही, म्हणून दिगंबर खोतांनी सकाळीच ती सोय बंद करायला लावली होती.

"एकट्या मृणालची तर चाकांची खुर्ची आहे. तिला चौघं उचलतील की," असं ते म्हणाले होते.

मंगलाष्टकं सुरू झाली तरी निम्मं वऱ्हाड खालीच होतं. गुडघे धरून उभ्या आत्या, बाबागाडीवाली सून, भाताचं पातेलं घेतलेले आचारी.

"अहो, चालू करा ते!" खोत ओरडले.

उतार झाला आणि सगळी गर्दी एकदम वर घुसली. ताशे वाजले, लग्न लागलं. गर्दीत वाट न मिळालेली मृणाल एकटी खाली उरली होती. खोत धावत उतारावरून तिच्यापाशी आले.

"असू द्या काका," म्हणत तिने मुठीतल्या अक्षता उतारावरच टाकल्या.

व्हिडिओवाला वरून हाका मारत होता. खोतांची मान वर होईना. ते वाकून एकेक अक्षता वेचत राहिले.