पणजोबांची रायफल

“हवालदारकाका, ह्या बंदुकीची गोळी मिळते काय?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून गौरवीने गोव्यातल्या पेडण्याच्या पोलीस ठाण्यात विचारलंच. निवडणूक आली, की परवान्याच्या बंदुका तिथे जमा करायच्या आणि निकालानंतर परत न्यायच्या. पणजोबांची रायफल चादरीत गुंडाळून आणताना बाबांचा दुखरा खांदा यावेळीही गळून गेला होता. हवालदाराने रायफलीवरचं साल वाचलं: १८८६, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या शिपायांची. गोळी भरायचा बोल्ट ओढला, तर गंजून घट्ट बसलेला. “गोळी? बाय, माझ्या आज्यानंसुद्धा बघूक नाय!” सगळे हसले. बाबा सोडून. “दसऱ्याला पुजतो. घरची इज्जत ती,” म्हणत ते थकून बाकावर बसले. त्यांचं बसणं गौरवीला बघवेना. घरी पोचताच तिने आई-बाबांना सांगून टाकलं, “यंदा दसऱ्याला, ज्यावर आपलं घर चालतं त्या बाबांच्या कोयत्याची पूजा! बंदूक सरकारला देऊन टाकूया. अर्ज मी लिहिते, बाबांनी फक्त सही करायची.”