मोरीकडे सरक

भाषाकोड्यांच्या आंतरशालेय स्पर्धेत निवड झाली, तर शिबिरात प्रणालीला पहिल्यांदा स्वतंत्र खोली मिळणार होती. पण निवडीच्या पेपरातलं शेवटचं कोडं सुटेना. कुठल्याशा बेटावरच्या भाषेतली वाक्यं, शेजारी चित्रं: मूल झाडाच्या कोणत्या बाजूला उभं आहे. डावं-उजवं धरलं, तर तोच शब्द कधी इकडे, कधी तिकडे. मग तिला परळच्या चाळीतलं घर आठवलं. खोली एक, माणसं पाच. तिथे डावं-उजवं नसतंच. आई दिवसभर बजावते, मोरीकडे सरक, दाराकडे पाय कर. तिने पुन्हा चित्रं पाहिली. प्रत्येकात एकीकडे समुद्र होता, दुसरीकडे डोंगर. एक शब्द समुद्राकडचा, दुसरा डोंगराकडचा. वाक्यं भराभर सुटली. घरी आई बोंबील तळत होती. "कसा गेला पेपर? मोरीकडे सरक जरा, तेल उडेल." एरवी वैतागणारी प्रणाली हसत सरकली. "आई, परत एकदा म्हण ना."