राज्यात भूकंप

टीव्हीच्या कोपऱ्यात खुणांच्या भाषेत बातम्या सांगणाऱ्या बाईंनी भूकंपाची खूण केली आणि कर्णबधिर मुलींच्या वसतिगृहातल्या साऱ्या मुली मैदानात पळाल्या.

अधीक्षिका अनसूया लोहार स्वयंपाकघरातून धावत आल्या. पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकत होतं, ‘राज्यात भूकंप! सरकार कोसळलं!’ त्यांना हसूच आलं. बाहेर जाऊन त्यांनी हातवारे करत मुलींना समजावलं, “अगं, खरा भूकंप नाही. आमदार फुटले, म्हणून सरकार पडलं.”

“पडलं?” मोठ्या कस्तुराने खुणेनेच विचारलं. “कुणावर?”

अनसूयाबाईंनी हात झटकले. “कुणावर नाही गं. तसं म्हणायची पद्धत आहे. चला आत, भात उतरवायचाय.”

एकही मुलगी उठली नाही. सगळ्या मातीवर तळवे टेकून बसल्या होत्या. एरवी या वेळी झाडांवर कावळ्यांचा गलका असायचा. आज एकही पक्षी ओरडत नव्हता.

“बाई, खाली हलतंय,” कस्तुराने सांगितलं.

“काही हलत नाही.” बाई चिडून एकट्याच स्वयंपाकघराकडे वळल्या. कस्तुरा धावत आली, तिने त्यांना ओढून खाली बसवलं आणि त्यांचा तळवा जमिनीवर दाबून धरला.

माती गार होती. खूप खोलवर कुणीतरी जातं फिरवत असावं, तशी थरथर हाताला लागली.

तेवढ्यात सगळ्या मुलींनी एकदम तळवे उचलले. पुढच्याच क्षणी स्वयंपाकघर छपरासकट खाली बसलं.